पाण्यात राहिलेली पुरचुंडी

माझा दादा जमिनीला भोकं पाडतो. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तो हसायचा. बोअरची गाडी लावायची, खालून दगडाच्या लांब कांड्या काढायच्या, त्या लाकडी पेटीत ओळीनं मांडायच्या, कोळसा किती खोल आहे ते वरच्यांना कळवायचं, हे त्याचं काम. आमच्या घुग्घुसच्या आसपासची निम्मी जमीन त्यानं आतून पाहिलेली आहे.

आणि आमचे बाबा याच कामाविरुद्ध पत्रकं काढायचे. अजूनही काढतात. धुळीबद्दल, आटलेल्या विहिरींबद्दल, रानातल्या गावांना न विचारता झालेल्या मोजणीबद्दल. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. 'बंधू आणि भगिनींनो' हे मी लिहिलेले पहिले शब्द. बाबांचा नियम ठरलेला होता: आधी हकीकत, मग प्रश्न, शेवटी मागणी, आणि मागणी ठळक. त्यामुळे मला लहानपणापासून जगात कुठेही काही खुपलं की त्याची मागणीच सुचते. बाबा आणि दादा रोज समोरासमोर बसून जेवायचे आणि भाजीला मीठ कमी आहे एवढंच बोलायचे. मला ते सहन व्हायचं नाही. या घरात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी विचारलं पाहिजे, असं मला वाटायचं. पण मीही पत्रकच लिहायची.

दादाची गाडी एका उन्हाळ्यात हिमालयात गेली. तिथे कोळसा नव्हता. वर, बर्फाच्या जवळ, एका लहान गावाच्या डोक्यावर गरम पाण्याचे झरे आहेत. ते पाणी जमिनीखाली किती खोल, किती गरम आहे ते बघायचं होतं. त्याच्यावर वीज करायचा विचार होता. त्या वर्षी नदीकाठी नुसती लहान भोकं पाडून सगळे परत आले. दादा मात्र तिथून लग्न ठरवून आला. ज्या घरात तो उतरला होता, त्या घरची मुलगी माझी वहिनी झाली.

वहिनीनं आमच्याकडचा पहिला मे महिना ओल्या चादरीत काढला. दुपारी रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जायचे, दारावर काळी साय चढायची, आणि ती खिडकीतून बघत विचारायची, ही आग कुणी लावली आहे का. वर्षभरात ती आमची बोली आमच्यापेक्षा फर्डी बोलायला लागली. मला बाई म्हणायची, बाबांना मामाजी. "बाई, तुमच्या इथी सूर्य काऊन एवढा खाली येते?" हे ती गंभीरपणे विचारायची आणि मग स्वतःच हसायची.

दोन उन्हाळ्यांनी तिच्या माहेरून फोन आला. आता मोठं भोक पाडायचं होतं, अगदी झऱ्याच्या शेजारी. गाडी दादाचीच जाणार होती. पण आधी गावाची बैठक होऊन होकार यायला हवा होता. वहिनीला जायचंच होतं. दादाचं काम तेव्हा गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर चालू होतं, त्याला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, मी नेते हिला. का म्हटलं ते घरात सगळ्यांना कळलं होतं. बाबांनी त्यांचा चिकटवायचा ब्रश, मैद्याची पिशवी आणि कागदात बांधलेलं मोरचूद माझ्या बॅगेत टाकलं. खळीत मोरचूद घातलं की तिला कीड लागत नाही, पत्रक पावसाळ्यापर्यंत टिकतं. आईनं आरमोरीच्या मामाकडचे नवे तांदूळ दिले, विहीणबाईंसाठी.

गाव एवढंसं. मातीच्या सपाट छपरांची घरं, छपरांवर रचलेला चारा आणि सरपण, खाली जवाची आणि वाटाण्याची शेतं, त्याखाली नदी. पक्का रस्ता नदीपलीकडेच संपतो. पुढे पूल आणि पायवाट. मला चार पावलं चाललं की धाप लागायची आणि बसलं की बसवायचं नाही. डोकं ठणकत होतं. मी छपरावर येरझारा घालायची, आणि वहिनीची आई, जिला मी अम्मा म्हणायला लागले होते, मला खालून हातानं बस, बस अशी खूण करायची.

झरा अम्माच्या घराच्या लगेच वर. तोंडापाशी पाणी उकळतं. तिथून ते एका दगडी कुंडात पडतं. गावाचा भात त्या कुंडात शिजतो, फडक्यात तांदूळ बांधून पुरचुंडी पाण्यात सोडायची आणि दोरी दगडाला बांधायची. कुंडातून पाणी आंघोळीच्या हौदांत जातं, भिंतीच्या अलीकडे बाया, पलीकडे पुरुष. आणि हौदांतून निघून ते एका दगडी पाटानं अम्माच्या गोठ्याच्या जमिनीखालून वाहतं. तो पाट तिच्या नवऱ्यानं बांधला होता. आता नवरा नाही, पाट आहे. हिवाळ्यात अम्मा गाईंसोबत गोठ्यातच राहते. मी तिथल्या फरशीवर हात ठेवला तर ती चुलीजवळच्या जमिनीसारखी कोमट लागली. एका हिवाळ्यात पाट गाळानं तुंबला तेव्हा वासरू गेलं होतं, असं वहिनीनं सांगितलं. झरा गार झाला तर अम्माला ते घर सोडावं लागेल, हे सांगायची गरज नव्हती. आणि गावानं नाही म्हटलं तर दादाचं त्या मोसमाचं काम जाणार, म्हणजे अम्माच्या लेकीचं घर अडणार, हेही.

मला यात एकच बाजू दिसत होती. माझी हकीकत तयार होती, प्रश्न तयार होते.

गावाची बैठक कशी होते ते वहिनीनं मला आदल्या दिवशी समजावलं. प्रत्येक घर आपली पुरचुंडी कुंडात सोडतं. भात शिजेपर्यंत बोलणं होतं. ज्याला ठरलेलं पटलं तो आपली पुरचुंडी बाहेर काढतो. सगळ्या निघाल्या की सगळे एकत्र जेवतात आणि बैठक उठते. एक जरी पाण्यात राहिली तरी बैठक उठत नाही, मग दिवस जावोत की आठवडे. आणि ज्या घराची राहिली, त्या घरानं रोज सकाळी तिथे नवे तांदूळ सोडायचे आणि समजूत घालायला येईल त्याला त्यातला भात वाढायचा. न पटणाऱ्याला बोलायची पूर्ण मुभा, पण जेवू घालून. मी लगेच म्हटलं, आमच्याकडच्या रानातल्या गावांतही एकमत होईपर्यंत उठत नाहीत. वहिनी म्हणाली, "हो, पण तिथी चहावर भागते."

मी छपरावर बसून हिंदीत पत्रकं लिहिली, जाड पेनानं, एकेक हातानं. अम्मा वाटाणे सोलत बघत होती. वहिनीनं एक उचललं, वाचलं, खाली ठेवलं.

"बाई, इथी भितीवरचं कोनी वाचत नाई. इथी विचारतेत."

मी म्हटलं, विचारायच्या आधी माहिती पाहिजे. खळ शिजवायला मी अम्माच्या चुलीपाशी बसले.

आता आमच्याकडे मे महिन्यात भिंत एवढी तापलेली असते की कागद लावून हात काढेपर्यंत चिकटलेला असतो. या गावात सावलीतल्या भिंती हात बधिर करतील अशा गार. खळ लावली की तशीच राहायची, काही धरत नव्हती. गरम आणि कोरडे दगड एकाच ठिकाणी होते, कुंडाच्या भोवती. बैठकीच्या सकाळी वारा डोंगरावरून खाली वाहत होता, वाफ सगळी खोऱ्याकडे जात होती. मी कुंडाभोवतीच्या दगडांवर पत्रकं लावली. चटकन बसली. मागे सरून पाहिलं तर मला घुग्घुसच्या चौकात उभं असल्यासारखं वाटलं.

लोक आले. वाचलं कुणीच नाही. काहींनी मला नमस्कार केला. पुरचुंड्या पाण्यात गेल्या. अम्मानं आरमोरीचे तांदूळ बांधले होते. बोलणं सुरू झालं, त्यांच्या भाषेत, आणि वहिनी माझ्या कानाशी थोडं थोडं सांगत होती. ज्याला सगळे मेमे म्हणत, म्हणजे आजोबा, तो म्हातारा मध्ये बसून सगळ्यांना बोलतं करत होता. एवढ्यात वारा पडला.

वाफ सरळ वर उठली आणि दगडांवर बसली. पहिलं पत्रक वरच्या कोपऱ्यातून सुटलं, वाकलं आणि कुंडात पडलं. मग दुसरं. मी उठेपर्यंत अर्धी पाण्यात होती, खळ विरघळून त्यांच्याभोवती निळसर ढग पसरत होता. भाताच्या पुरचुंड्यांमध्ये. मोरचूद विषारी असतं. हे आमच्या घरात चिकटवायच्या डब्याला हात लावू नका म्हणून शंभरदा सांगितलेलं होतं, आणि ते मी गावाच्या हंड्यात ओतलं होतं.

मी मराठीतच ओरडले. वहिनीनं तिच्या भाषेत सांगितलं. कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी दोऱ्या ओढल्या. हौदांत कुणी उतरू नये म्हणून एक बाई धावत गेली. वहिनी पाट अडवायला धावली, गाई त्यावरच पाणी पीत. भात सगळा खड्डा खणून पुरला. तांदूळ तिथे पिकत नाही. तो नदीपलीकडून पाठीवर येतो.

बैठक त्या दिवशी होऊ शकली नाही. मेमे माझ्याजवळ आला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, तुमच्याकडे भातासोबत कागदही खातात का. सगळे हसले. त्या हसण्यानं मला रडू आलं, ओरडले असते तर आलं नसतं. मग त्यानं सांगितलं, कुंड घाण करणाऱ्यानं घासायचं असतं, हा नियम आहे, पाहुण्यालाही.

झऱ्याचं तोंड वळवून कुंड रिकामं केलं. मी आत उतरून वाळूनं आणि काटक्यांच्या झाडणीनं दगड घासले. तळवे पोळत होते, पाठीला गार वारा लागत होता. थोड्या वेळानं अम्मा दुसरी झाडणी घेऊन आत उतरली. तिला हिंदी जेमतेम यायची, माझी कागदावर बरी, तोंडात अडखळणारी, पण आम्हाला एकमेकींचं कळत होतं.

त्या कागदात काय होतं, तिनं विचारलं. मी घासता घासता सगळं सांगितलं. आमच्याकडच्या विहिरी, धूळ, कंपनीला जाब, आणि शेवटी मागणी: झऱ्याशेजारी भोक नको. तिनं शांतपणे ऐकलं.

"यात माझा जावई कुठे आहे?"

मी म्हटलं, जावयाचा प्रश्न नाही, कंपनीचा आहे.

"कंपनी इथे येणार नाही," ती म्हणाली. "गाडी घेऊन तो येणार. पाणी गार होईल का, हे त्याला माहीत आहे?"

मी दादाला हे कधी विचारलंच नव्हतं. बाबांनीही नाही. आमच्या घरात विहिरींवर एवढी पत्रकं निघाली, आणि ज्यानं ती जमीन आतून पाहिली त्याला ताटावर कुणी विचारलं नाही की बाबा रे, खाली तुला काय दिसलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्याला माहीत आहे की नाही, हेही मला माहीत नाही."

अम्मानं मान हलवली आणि कोपऱ्यातला गाळ काढायला लागली.

पाणी दोनदा भरून सोडून दिल्यावर बैठक पुन्हा बसली. बहुतेक घरांना भोक हवं होतं. पूल मोठा होणार होता, रस्ता गावापर्यंत येणार होता, घराघरात गरम पाण्याचे नळ देऊ असं सांगितलं गेलं होतं. ज्यांच्या घराखालून पाट जात नाही त्यांनी हिवाळाभर शेणी जाळून काढायच्या, आणि अम्माच्या गोठ्याकडे बघत राहायचं, यात त्यांना न्याय वाटत नव्हता. हे माझ्या पत्रकात नव्हतं. पुरचुंड्या एकेक करून निघाल्या. अम्माची राहिली.

मेमेनं विचारलं, तुझं म्हणणं काय. तिनं नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ती म्हणाली, जो भोक पाडणार आहे त्याला बोलवा. त्यानं इथे बसून जेवावं, आणि सांगावं.

कुणीतरी म्हणालं, तुझाच जावई आहे, तुझ्या मनासारखं बोलेल. अम्मा म्हणाली, माझ्या लेकीचं पोट त्याच्या गाडीवर आहे, तो माझ्या मनासारखं कशाला बोलेल.

फोन लागायला मागच्या कड्यावर चढावं लागतं. वहिनी भराभर चढली, मी दगडादगडाला टेकत. ती दादाशी फार बोलली नाही. तुमी या, एवढंच दोनदा म्हणाली. फोन ठेवून ती मला म्हणाली, "तुमी कागदावर मागनी लिवली होती ना, बाई? माह्या आईची मागनी एवढीच हाय. मानूस पाठवा."

मग वाट बघणं. माझ्याच्यानं ते होत नव्हतं. रोज सकाळी अम्मा तांदूळ बांधून कुंडात सोडायची, रोज कुणी ना कुणी येऊन बसायचं, जेवायचं, समजावायचं. आरमोरीच्या तांदळाचा भात वाफेत मऊ व्हायचा, लोकांना आवडला होता. एक म्हातारी समजूत घालायच्या नावाखाली रोज यायची आणि बैठकीबद्दल शब्द काढायची नाही. पिशवी खाली खाली जात होती. मी दिवसातून कितीदा तरी पुलापर्यंत जाऊन यायची. दादानं येऊ नये असंही वाटायचं. आला आणि खोटं बोलला तर? मी त्याच्याशी भांडायचे मुद्दे पुलावर उभी राहून पाठ करत होते.

एकदा पुलावर गावातला एक तरुण भेटला. पाठीवर गॅसची टाकी होती. त्यानं ती टेकवून विचारलं, तुमच्या गावाला रस्ता आहे ना? आहे, मी म्हटलं. त्याच रस्त्यानं आलीस ना? मी हो म्हटलं. त्यानं टाकी उचलली आणि गेला. याला द्यायचं माझं उत्तर अजून तयार व्हायचं आहे.

दादा आला तो तोंडाचा आ करून श्वास घेत. वाटेत कुठेतरी घेतलेला भडक निळा स्वेटर, आणि नखांत अजून चुनखडीची पांढरी भुकटी. अम्मानं त्याला आधी हौदात पाठवलं, मग कुंडापाशी बसवलं आणि पान वाढलं. सगळं गाव बघत होतं. तो जेवायला लागला. मी त्याला एवढं हळू जेवताना कधी पाहिलं नव्हतं. जेवून झाल्यावर मेमेनं विचारलं, पाणी गार होईल का.

दादा माझ्याकडे बघत नव्हता, वहिनीकडेही नाही. कंपनीनं त्याला काय शिकवून पाठवलं होतं ते मला माहीत नाही. काहीतरी शिकवलं असणारच.

"मी कोळशाची भोकं पाडली आहेत," तो हिंदीत म्हणाला. "कोळसा आहे तिथेच राहतो. पाणी राहत नाही. नदीकाठी पाडली तेव्हा काही झालं नाही. इथे काय होईल, मला माहीत नाही."

वहिनीनं त्यांच्या भाषेत सांगितलं. ते वाक्य तिच्याच घरावर येणार होतं.

पुष्कळ वेळ बोलणं झालं. ज्यांनी पुरचुंड्या काढल्या होत्या त्यांतले काही चिडले, काहींनी माना डोलावल्या. शेवटी ठरलं ते एवढंच: ज्याला माहीत आहे त्यानं यावं, इथे बसून जेवावं, सांगावं, तोवर भोक नाही. अम्मानं दोरी ओढली. तो तरुण मात्र न जेवता उठून गेला.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. माझी मागणी, ठळक, अक्षरशः मान्य झाली होती. पण दादाला त्या कामावरून काढलं जाणार हे तिथेच दिसत होतं, आणि झालंही तसंच. निघायच्या सकाळी मी बायांच्या हौदात पाय सोडून बसले होते. भिंतीपलीकडून दादाचा आवाज आला.

"कावं, एवढ्या गरमीतून पळून आलो अन् इथीही गरम पानीच."

मी पायांनी पाणी ढवळलं.

"लिव आता तुह्या पत्रकात."

"काय लिवू?"

"मले माहीत नाई म्हनून लिव."

मी लिहून बघितलं. बाबांच्या नियमात त्याला जागा नाही. ती हकीकतही नव्हे, प्रश्नही नव्हे, मागणी तर नाहीच. कुठेही घातलं तरी पत्रक मोडतं.

दादा पुन्हा इकडेच आहे, कोरपन्याकडच्या चुनखडीच्या दगडावर. गेल्या महिन्यात तिथल्या एका गावतळ्याजवळ बोअर लागणार असं कळलं आणि मी पत्रक लिहायला बसले. खूप खोडलं. शेवटी वर तळ्याची हकीकत राहिली, मधे लिहिलं की तळं आटेल की नाही हे आम्हाला माहीत नाही, आणि खाली एक ओळ. बाबा आणि दादा जेवायला बसले होते, बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"मागणी कुठी हाय याच्यात?"

वहिनी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "खाली हाय, मामाजी. जो भोक पाडन त्यानं गावात येऊन जेवावं म्हनून लिवली हाय."

बाबांनी पुन्हा वाचलं. मग कागद त्यांनी ताटाशेजारून समोर सरकवला, दादाकडे. त्या तळ्यावर गाडी त्याचीच जाणार होती. दादानं डावा हात पुसून तो घेतला, पूर्ण वाचला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"विचारा," तो बाबांना म्हणाला, आणि भातासाठी ताट पुढे केलं.